खवल्याहून मोठा

पहाटेचे चार. होंगवोन बंदर. ओहोटी इतकी लांब गेलेली
की होड्या चिखलात कुशीवर निजलेल्या.
संस्थेनं दिलेल्या वहीत रकाने तीनच :
लांबी. वजन. ठिपके, आहेत की नाहीत.
मला वाटलं, याहून सोपं काम सरकारकडं नसेल.

पहिल्याच टोपलीत वीतभर मासा,
पाठीवर बारीक काळे ठिपके.
मी लिहिलं : आहेत. म्हणजे ठिपक्यांचा नोंगो.
क्वाक ओकबुननं त्यावरून ओला अंगठा फिरवला.
दोन ठिपके पुसले गेले. चिखल होता.
उरलेल्यांकडं बोट करून म्हणाली,
"हेही जातील. यांना वर्ष-दोन वर्षं लागतील, एवढंच."

साधा नोंगोही लहानपणी ठिपक्यांचाच असतो.
(पुस्तकात हे होतं, तळटिपेत,
आणि तळटीप मी वाचली नव्हती.)
मग वाढतो, आणि कोरा होतो,
घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखा.
दुसऱ्याचे जात नाहीत.
म्हातारा झाला तरी अंगावर मिरी सांडल्यासारखी.

"मग लहानपणी ओळखायचं कसं?"

तिनं दोघांना बर्फावर शेजारी ठेवलं,
जुळ्यांना निजवावं तसं.
"याचा ठिपका खवल्याहून लहान,
पीठ चाळताना उडावं तसा.
याचा खवल्याहून मोठा. बसलाय. हलायचा नाही.
याचे पाठीवरच थांबतात,
याचे बाजूची रेघ ओलांडून खाली उतरतात.
आणि याचं तोंड बघ कसं आखूड,
जेवायला बोलावलं नाही म्हणून रुसल्यासारखं.
एवढं करूनही शंभरात पाच-सात मला चकवतात."

तिच्या हातांवर वयाचे डाग होते.
मोठा ठिपकेवाला उचलला तिनं दोन्ही हातांनी,
तेव्हा कुठले माशाचे, कुठले तिचे, कळेना.
डाग म्हणावेत तर डाग. अंगावरचे डागदागिने म्हणावेत
तर तेही चाललं असतं त्या उजेडात.

लिलाव संपल्यावर सातूचा चहा.
"आमच्याकडं पोर येतं ते ढुंगणावर निळा डाग घेऊन.
जन्म देणारी म्हातारी देवी चापट मारून ढकलते ना बाहेर,
तिच्या हाताचा वळ. शाळेत जाईस्तोवर जातो.
माझ्या पोराचा कधी गेला,
बघायचं राहूनच गेलं. कामं होती."

मग जरा थांबून, माझ्याकडं न बघता :

"नवरा कोळंबीला गेला त्या साली
अकराव्या दिवशी सापडला, तीन बेटं पलीकडं.
चौकीवरून विचारलं, अंगावर काही खूण?
एकोणीस वर्षं ज्याची पाठ घासली
त्याच्या पाठीवर तीळ होता. होता, नक्की होता.
डावीकडं की उजवीकडं,
मला सांगता येईना."

तिनं कप पालथा घातला.
"तेव्हापासून मी माशाची दोन्ही अंगं बघते."

त्या दिवशी एकशे बारा मासे.
एकसष्ट साधे, चव्वेचाळीस ठिपक्यांचे,
सातांपुढं मी काहीच लिहिलं नाही.
संध्याकाळी ऑम साहेबांचा फोन : सात रिकामे का?
म्हटलं, लहान आहेत अजून.
पलीकडं बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.

रात्री खोलीवर, न्हाणीघरात,
दोन आरसे समोरासमोर धरून
मी माझी पाठ पाहिली.
एका आरशात डावं-उजवं उलटतं,
दोन आरशांत परत सुलटतं,
हे ध्यानात यायला वेळ लागला. मान अवघडली.

उजव्या खांद्याखाली एक.
खवल्याहून मोठा.

वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला, तारखेसकट.
सांगावं असं सध्या कुणी नाही.